पत्र्याचं चॅपेल

वेल्स मी पाहिलेलं नाही. व्हिसाच्या भानगडीत अमेरिकेबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परत येऊ देतील की नाही ही धाकधूक, त्यामुळे सुट्टीत मी फार तर मिलवॉकीपर्यंत जाते. तरी वेल्समधल्या कुठल्या खेड्यात कसलं चॅपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे, भिंती कुठल्या दगडाच्या आणि छपरावरची स्लेट कुठल्या खाणीची, हे अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसात बसून मी दोन वर्षं वाचत होते. तिकडच्या एका संस्थेला इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या इमारतींच्या नोंदी एका नकाशावर हव्या होत्या. गावोगावच्या हौशी माणसांनी आठवणी, फोटो, मोजमापं पाठवली होती आणि त्यातल्या दुबार नोंदी काढायचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता.

नियम मीच ठरवला. गाव एक, नाव एक, पंथ एक आणि अंतर अर्ध्या मैलाच्या आत असेल, तर इमारत एकच. ज्या नोंदीला फोटो जास्त ती ठेवायची, दुसरी तिच्यात मिसळायची. आमचा टीम लीड पुण्याचा. "एकदम क्लीन केलंस यार," म्हणाला, आणि माझ्या अंगावर उगाच मूठभर मांस चढलं.

मग एका खेड्यातून तक्रार आली. लिहिणारी निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. तिच्या गावात एकाच नावाची दोन चॅपेलं होती. एक दगडी, मोठं, अजून उभं आहे. दुसरं पत्र्याचं, कधीच पाडलेलं. पूर्वी तिथल्या स्लेटच्या खाणीत संप झाला, तेव्हा काही जण फुटून कामावर गेले, आणि रविवारी तेच दगडी चॅपेलात पुढच्या बाकांवर येऊन बसू लागले. संपकऱ्यांना त्यांच्या शेजारी बसून प्रार्थना करवेना. त्यांनी ओढ्यापलीकडे पत्र्याचं चॅपेल उभं केलं. नाव तेच ठेवलं, कारण नावावर आपलाही हक्क आहे असं त्यांचं म्हणणं. बाईंचे आजोबा त्यांच्यातले. त्या चॅपेलचं आता जमिनीवर काही उरलेलं नाही. बाईंनी लिहून पाठवलेली चार पानं तेवढी होती, आणि ती माझ्या प्रोग्रॅमने दगडी चॅपेलाच्या नोंदीखाली नेऊन घातली होती.

"ज्या इमारतीत माझ्या आजोबांनी मरेपर्यंत पाय ठेवला नाही, तिथे तुम्ही त्यांना नेऊन बसवलंत," असं त्यांनी लिहिलं होतं.

मला माझीच चीड आली. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी समजू शकले असते. मराठवाड्यातल्या माझ्या गावात सगळंच दोन होतं. दोन स्मशानं, दोन विहिरी. गावाची विहीर चावडीजवळ, बांधीव, रहाट असलेली. आमची ओढ्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीमागे, माझ्या आजोबांनी आणि भावकीने हातांनी खणलेली. उन्हाळ्यात ती आटायची आणि आई तळाशी उतरून वाटीने घागर भरायची. बाईंचे आजोबा निदान स्वतःहून उठून बाहेर पडले होते, आमच्यांना आत कुणी घेतलंच नव्हतं. अशा गावात वाढलेल्या मी, एका गावात एका नावाच्या दोन गोष्टी म्हणजे चूक, असा नियम लिहिला. शहाणपणा सगळा माझा.

"एका रेकॉर्डसाठी लॉजिक कशाला चेंज करायचं?" टीम लीड म्हणाला. "लो प्रायॉरिटीला टाक ना." मी भांडले. इतकी का पेटलीस, असं त्याने विचारलं तेव्हा क्लायंटचं नाव पुढे केलं. हा माणूस नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जेवताना मला गाव विचारून, मग आजोबा काय करायचे विचारून, "म्हणजे तुमच्यात..." इथपर्यंत आला होता. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. शेती, असं सांगून मी डबा बंद केला होता. तेव्हापासून त्याची बायको दर वर्षी हळदीकुंकवाला बोलावते आणि मी साडी नेसून जाते.

शेवटी बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. टीम लीडही कॉलवर होता. बाईंनी हाताने काढलेला गावाचा नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला: हा ओढा, ही वाट, इथे. त्यांच्यादेखतच मी नोंद वेगळी केली. स्क्रीनवरच्या नकाशात ओढ्याच्या अलीकडे एक ठिपका होता, पलीकडे दुसरा उमटला. बाईंनी चष्मा काढून कार्डिगनच्या टोकाला पुसला.

मग त्यांनी विचारलं, "तू खेड्यातलीच ना? तुला लगेच समजलं म्हणून विचारते. तुमच्या गावातही होतं का असं, दोन-दोन?"

शेजारच्या चौकोनात टीम लीड कॉफी पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे एकच विहीर होती. सगळे तिथेच पाणी भरायचे."

"नशीबवान आहात," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडची गावं अशीच असतात," टीम लीड त्यांना हसून म्हणाला. "एका कुटुंबासारखी."

मी मान हलवली. कॉल संपल्यावर त्याने शाबासकीचा अंगठा पाठवला आणि मी तक्रार बंद केली.

वेल्समधलं पत्र्याचं चॅपेल आता नकाशावर आहे. आमची विहीर कुठल्याही नकाशावर नाही. ती होती हे सांगू शकेल असं त्या कॉलवर एकच माणूस होतं, आणि त्याने नाही म्हणून सांगितलं.