रिपोर्ट बुकात सही माझी होती

ई-मेल वाचून झाल्यावर मी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. नागपूरच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. रेवतींनी तो पाठवला होता. युरोपातली एक संस्था विज्ञान, तंत्रज्ञान आणि कला या तीन क्षेत्रांतल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार देते. यंदाचा तंत्रज्ञानाचा पुरस्कार रेवतींच्या यंत्राला जाहीर झाला होता. समारंभ व्हिएन्नाला. सोबत मानपत्राचा मसुदा होता आणि त्यातलं एक वाक्य माझ्याबद्दल होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'फोरमन पटले, ज्यांच्या कानांनी या यंत्राला ऐकायला शिकवलं.'

पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"सर, पासपोर्ट आहे ना? दोघांना बोलावलंय. तुम्ही आणि मी."

"आहे. मुलीकडे दुबईला गेलो होतो तेव्हाचा."

"मग झालं. मसुदा वाचून शुक्रवारपर्यंत ओके कळवा. बाकी सगळं मी बघते."

मी 'बघतो' म्हणालो. त्याच दुपारी तुमसरच्या बाजारात जाऊन शिंप्याकडे कोटाचं माप देऊन आलो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

आता कामाचं थोडं सांगतो. तुमसर तालुक्यातल्या एका मॅंगनीजच्या खाणीत मी एकतीस वर्षं काढली. शेवटची बरीच वर्षं फोरमन होतो. खाणीचं नाव देत नाही, कारण चूक माझी आहे आणि उगाच खाणीला बोल नको. अंडरग्राउंड खाणीत दगड काढल्यावर जी पोकळी तयार होते तिला स्टोप म्हणतात. ब्लास्टिंगनंतर स्टोपचं छत हादरलेलं असतं. खालून अखंड दिसणारा दगड वरून सुटलेला असू शकतो. म्हणून माणसं आत सोडण्याआधी लांब लोखंडी सळईनं छत ठोकून पाहतात. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला भद्द वाजतो. भद्द वाजला की तो पहारीसारख्या सब्बलीनं पाडून टाकायचा. याला ड्रेसिंग म्हणतात आणि ते करणारा माणूस म्हणजे ड्रेसर.

एवढंच असतं तर हे काम कोणीही केलं असतं. अडचण मधल्या आवाजांची असते. धड खणखणीत नाही, धड भद्द नाही. अशा वेळी जो 'थांबा' म्हणतो त्याच्यावर उत्पादन बुडवल्याचा ठपका येतो, आणि जो 'चला' म्हणतो त्याला पुढचे आठ तास जीव मुठीत धरून काढावे लागतात.

आमच्या शिफ्टला दसाराम नावाचा ड्रेसर होता. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. मधले आवाज त्याला कळायचे. एकदा मी स्वतः ठोकून 'ठीक आहे' म्हणालो आणि तो स्टोपच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "नाई साहेब, आज नाई." मी भडकलो. वरून मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते. त्याला नको ते बोललो. तो हलला नाही. अर्ध्या तासात पलंगाएवढी शिळा खाली आली. आत कोणी नव्हतं म्हणून कोणाला खरचटलंही नाही.

त्या दिवशी शिफ्टच्या रिपोर्ट बुकात मी काय लिहिलं? 'छत मी तपासले. सुटलेले आढळले. कामगारांना प्रवेश दिला नाही.' खाली माझी सही. तशीच पद्धत आहे. तपासणीची नोंद सर्टिफिकेट असलेल्या माणसानं करायची. दसारामकडे सर्टिफिकेट नव्हतं, तेव्हा त्याचं नाव लिहायला रकानाही नव्हता. मी रोज जागेवर हजर असायचो, सही खोटी नव्हती. पण निकाल त्याचा असायचा आणि अक्षर माझं.

सहा वर्षांपूर्वी रेवती आमच्या खाणीत आल्या त्या याच रिपोर्ट बुकांसाठी. त्यांनी सळईवर एक छोटा माइक बसवून दिला. रोजच्या ठोकण्याचे आवाज त्यात साठायचे. महिन्याच्या शेवटी त्या आवाज घेऊन जायच्या आणि प्रत्येक आवाजापुढे रिपोर्ट बुकातला निकाल लावायच्या: घट्ट, सुटलेला, घट्ट. अशा हजारो जोड्यांवरून यंत्र आवाज ऐकून छत घट्ट की सुटलेलं ते सांगायला शिकलं. त्या खाली यायच्या तेव्हा सळई माझ्या हातात असायची. पाहुणे आले की सळई साहेबानं घ्यायची आणि ड्रेसरनं मागं बत्ती धरायची, हा आमच्याकडचा रिवाजच होता. त्यांनी जे पाहिलं ते मनावर घेतलं. मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत आलो.

संध्याकाळी बायकोला मसुदा वाचून दाखवला. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकला.

"तुमचे कान?" ती म्हणाली. "कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुमाले पत्ता नसते."

"खाणीतली गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? रोज घरी येऊन दसारामचंच पुराण लावत होते ना. दसारामनं अडवलं, दसारामनं सांगितलं. अन् आता बक्षीस आलं तं थो कुठी गेला?"

घरच्या साक्षीदारापुढे उलटतपासणी चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी भंडाऱ्याला आणि तिथून गाडी बदलून दिघोरीला गेलो. डोक्यात एक तडजोड होती. त्याला भेटायचं, सगळं सांगायचं, आणि मानपत्रात त्याचं नाव माझ्या नावाशेजारी घालून घ्यायचं. दोघांचे कान. मग माझा कोटही वाया गेला नसता.

धानाची कापणी उरकली होती. दसाराम अंगणात बाजेवर बसला होता. मी दारातून हाक मारली, त्यानं वर पाहिलं नाही. त्याची सून बाहेर आली.

"मोठ्यानं बोला साहेब. बाबाले ऐकू येत नाई."

"कधीपासून?"

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यानं मला ओळखलं. तो उठून उभा राहिला, माझा हात धरून मला बाजेवर बसवलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन तोच प्रश्न विचारला.

"खाणीतूनच साहेब," तो म्हणाला. "ड्रिलनं गेले. पयले डावा, मंग उजवा. शेवटची चार-पाच वर्षं तं नावालेच कान होते."

"शेवटची चार-पाच वर्षं? माइक लावला होता तेव्हा?"

"तवा तं काईच नोतं येत. मेडिकलच्या वक्ती डॉक्टरच्या ओठाकडं पाहून सांगत होतो. तुमाले कायले सांगू? सांगितलं असतं तं तुमी मले खालून काढून वरच्या कामाले लावलं असतं."

बहिऱ्या माणसाच्या शब्दावर मी माणसं आत पाठवत होतो. "मग छत कसं ओळखत होतास?"

त्यानं कुंपणाचा एक बांबू उचलला आणि पडवीच्या आढ्याला ठोकला. ठोकून बाजूला घेतला नाही. टोक तसंच टेकवून ठेवलं आणि माझा हात बांबूवर स्वतःच्या हाताखाली धरला. "पाहा. घट्ट असन तं झटका येते अन् जाते. सुटला असन तं मागून बारीक थरथर येते. पोरगं झोपलं तं छातीवर हात ठेवून पाहतो ना, तसं. अन् ओल्या छताचा आवाज तं खोटाच असते साहेब. पाण्यानं दगड वाजतेच घट्टासारखा. हाताले मात्र कळते."

सळई छताला टेकवून तो उभा राहायचा, ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं दम खातो आहे. त्यावरून एक-दोनदा टोकलंही होतं.

चहा पिता पिता मी त्याला पुरस्काराचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे सुनेनं ओरडून सांगितलेलं ऐकलं.

"तुमीच जा," तो म्हणाला. "सही तुमची होती. दगड पडला असता तं जेलात मी नसतो गेलो, तुमीच गेले असते. थे काई लहान गोष्ट नोती."

हे त्यानं मनापासून म्हटलं. मला ते हवंच होतं, म्हणून ते फार गोड लागलं. परतीच्या गाडीत साकोली येईपर्यंत मी तेच चघळत होतो. जबाबदारी माझी, मान माझा. काय चुकलं? पण ओलं छत डोक्यातून जाईना. यंत्रानं आवाज ऐकला होता, पण शिकलं होतं ते हाताचा निकाल. कोरड्या छतात दोन्ही जुळत असतील. ओल्या छतात?

भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरून मी रेवतींना फोन लावला.

"मॅडम, यंत्र ओल्या छतात चुकतं का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चुकतं का?"

"कधी कधी. सुटलेल्या छताला घट्ट म्हणतं. आम्हाला कारण सापडत नाहीये. पाण्याचा आवाज मधे येत असेल असं धरून चाललोय. पुरस्कारानंतर तीन देशांतल्या खाणी यंत्र घेणार आहेत, तोवर काढू शोधून."

मग मी सगळं सांगितलं. रिपोर्ट बुक, पाहुण्यांसमोरची सळई, दसारामचे कान, दसारामचा हात. स्टँडवरच्या गोंगाटात मला बरंच मोठ्यानं बोलावं लागलं.

"सर," त्या अखेरीस म्हणाल्या, "हे तुम्ही मला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो."

"हे कळवलं तर पुरस्कार परत जाऊ शकतो. माझ्या सगळ्या कामाचा पायाच चुकीचा आहे असं म्हणतील ते."

"हो."

"आणि नाही कळवलं तर कुठल्या तरी ओल्या खाणीत..." मग त्यांनीच विचारलं, "लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. चार पानं, स्वतःच्या अक्षरात. छत कोणी ठोकलं, निकाल कोणी दिला, नोंद कोणी केली. एकतीस वर्षांत मी इतका खरा रिपोर्ट लिहिला नव्हता. एक प्रत खाणीच्या मॅनेजरलाही दिली. ते वाचून म्हणाले, "पटलेसाहेब, रिटायर झाल्यावर कशाला हे उकरून काढता?"

त्यानंतरचे तीन आठवडे फार वाईट गेले. रेवतींनी सगळं पुरस्कार समितीला कळवलं आणि यंत्र घेतलेल्या खाणींना लिहिलं की ओल्या छताखाली ते तूर्त वापरू नका. समितीकडून उत्तर नव्हतं. दर दोन दिवसांनी मी फोन करायचो, त्या 'अजून नाही सर' म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात एकदाही राग नसायचा. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चाळिशीच्या आतल्या एका बाईचं सहा वर्षांचं काम माझ्या गप्प बसण्यावर उभं होतं आणि ते आता कोसळणार होतं. या काळात त्या दोनदा दिघोरीला जाऊन आल्या. दसारामला गाडीत घालून खाणीच्या ट्रेनिंग गॅलरीत, म्हणजे शिकाऊंसाठीच्या बोगद्यात, नेलं आणि सळईच्या मुठीत थरथर मोजणारा सेन्सर बसवून त्याच्याकडून ओलं छत ठोकून घेतलं. मुठीतली मोजणी आणि दसारामचा निकाल जुळले, आणि तेही त्यांनी समितीला कळवलं.

समितीचं उत्तर चौथ्या आठवड्यात आलं. पुरस्कार कायम. यंत्रात दुरुस्ती चालू असल्याचं मानपत्रात नोंदवणार. माझ्याबद्दलचं वाक्य काढलं होतं. तिथं दसारामचं नाव होतं. त्याला बोलावणंही होतं, पण त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि इतक्या लांब जायची त्याची तयारी नव्हती. "तिकडं चहा कसा असन कोणाले मालूम," एवढंच कारण त्यानं दिलं.

समारंभ तिकडच्या सकाळी होता, आपल्याकडे दुपारचे साडेतीन-चार. मी दिघोरीला गेलो होतो. सुनेनं मोबाइल पाटावर तांब्याला टेकवून ठेवला. भोवती दहा-बारा शेजारी होते. आधी बर्फाचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं नाव झालं. मग काचेची वाद्यं करणारी एक कलावंत बाई आली, तिनं एक वाद्य वाजवून दाखवलं. ना हार, ना शाल, ना पाहुण्यांची लांबलचक ओळख. मानपत्र वाचायचं आणि उतरायचं. नंतर रेवती आल्या, साध्या कोसा सिल्कच्या साडीत. मानपत्राचा अर्थ मी सुनेला आधीच सांगून ठेवला होता; शेजाऱ्यांना इंग्रजी कळलं नाही, पण मधेच 'दसाराम' ऐकू आलं आणि सगळे एकदम त्याच्याकडे वळले.

दसाराम पडद्याकडे पाहत होता. आजूबाजूची तोंडं पाहून त्याला काहीतरी झालंय एवढं कळलं.

"काय म्हणते बाई?"

"तुमचं नाव घेतलं, बाबा," सून त्याच्या कानात ओरडली. "म्हणते, या हातानं मशीनले शिकवलं."

त्यानं हाताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "अन् साहेबाचं?"

मी त्याच्याजवळ सरकलो आणि म्हणालो, "माझं नाही. छत तू ओळखत होतास. मी फक्त लिहीत होतो."

"काय?"

मला ते पुन्हा सांगावं लागलं, सगळ्या अंगणासमोर, पूर्ण जोर लावून. त्यानं मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग बराच वेळ काढला नाही.

अधूनमधून मला नव्या फोरमनच्या ट्रेनिंगला बोलावतात. मी त्यांना सांगतो, सही तुमचीच करा, कायद्यानं ती तुमचीच आहे. खाली एक ओळ वाढवा आणि छत कोणी ठोकलं त्याचं नाव लिहा. रकाना नसला तर समासात लिहा. त्याला अर्धं मिनिट लागतं. मी सहा वर्षं लावली.