बिनक्लचची मोठी गाडी

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. बीएस्सी केली, नांदेडला पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागलो आणि स्वतःच्या पगारातून मोटारसायकल घेतली. साधीच, पण माझी. हदगावकडच्या आमच्या गावात ती पहिल्यांदा नेली, तेव्हा बाबा मागं बसून काही काम नसताना बाजारातून फिरून आले होते. तो दिवस मला अजून पुरतो.

मग चुलतभावानं गाडी घेतली. हा माझ्याहून लहान, दहावीतून शाळा सोडून ट्रॅक्टरवर बसलेला. त्याची गाडी पोळ्याच्या बैलासारखी, टाकीच एवढी की माझी गाडी तिच्या शेजारी उभी करायला नको वाटे. वर हायड्रॉलिक क्लच. माझ्या गाडीला क्लचची वायर आहे, ती ओढून ओढून पंजा दुखतो. त्याच्या गाडीला वायरच नाही. हँडलवर एक छोटी डबी, तिच्यात ब्रेक ऑइल. लिव्हर दाबला की ते नळीतून दाब देतं आणि क्लच सुटतो. एका बोटानं. हे एक बोट तो मला भेटेल तेव्हा दाखवायचा. मी चांगलंय म्हणायचो आणि घरी जाऊन कारण नसताना बायकोवर चिडायचो.

लातूरला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बाबा मुलीचे मामा, त्यांना वेळेवर पोचायलाच हवं होतं. ते आणि चुलतभाऊ गावाहून नांदेडला माझ्याकडं यायचे आणि पुढं आम्ही मिळून जायचं ठरलं. मी आदल्या दिवशी गाडी धुतली. बाबांची कंबर धरते म्हणून मागच्या सीटवर घडी घालून टॉवेल बांधला. सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, बाबा, आता माझ्या मागं बसा. ते चप्पल घालत बोलले, "राहू दे. सोयऱ्यांत जायचंय. ह्याच्या गाडीवर जरा बरं दिसतंय."

मी टॉवेल सोडला नाही. रिकाम्या टॉवेलामागं बायकोनं दिलेली आहेराची पिशवी बांधली आणि निघालो.

लोहा मागं टाकल्यावर माळाकोळीच्या अलीकडं चुलतभाऊ पुढं थांबलेला दिसला. गाडी गचके खात थांबली होती, बाबा उतरून टोपी झटकत होते.

"गिअरच पडून न्हाई राहिला, भाऊ," तो म्हणाला. "न्यूट्रल तर सापडतच न्हाई."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण हात आपोआप गाडीकडं गेले. इंजिन बंद केलं, गाडी मागंपुढं हलवत पायानं गिअर टाकून पाहिले. सगळे पडत होते, न्यूट्रलही सापडलं. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, दोष क्लचमध्ये. लिव्हर दाबला तर तो मऊ पडून थेट मुठीला टेकला. भराभरा दाबल्यावर थोडा जोर यायचा, लगेच जायचा. लिव्हरच्या बुडाशी ओल होती. डबीचं झाकण खोललं, तर खालचं रबर फुगून पापडासारखं वेडंवाकडं झालेलं.

ह्यात काय टाकलंस, मी विचारलं.

"कमी दिसत होतं. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं ऑइल टाकलं. तेबी हायड्रॉलिकच हाय की."

आमच्या घरात हे असंच चालतं. ट्रॅक्टरसाठी भारीतलं ऑइल आणायचं आणि मग विहिरीच्या मोटरीपासून गेटच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला त्याच डब्यातलं. चांगलं आहे ना, मग कुठंही चांगलंच. पुढच्या ब्रेकच्या डबीत टाकलंस का, हे मी आधी विचारलं. नव्हतं टाकलं, देवाची कृपा.

मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्या डबीतलं थेंबभर ऑइल त्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे वर तरंगत राहिलं. झाकण मी चुलतभावापुढं धरलं होतं, पण दाखवत बाबांना होतो. आतली रबरी सीलंही अशीच फुगली असणार, ती बदलूनच क्लच नीट होईल, इथं रस्त्यावर काही होणार नाही, असं सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं.

आता बाबा माझ्या गाडीवर येणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी पिशवी सोडायलाही लागलो. हा मागून टेम्पो बघून येईल, आपण निघू, म्हटलं.

बाबांनी चुलतभावाच्या तोंडाकडं पाहिलं. "असं रस्त्यावर टाकून जायचं व्हय लेकराला?"

तिशीतलं लेकरू खाली मान घालून उभं होतं. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला अजून थोडं जास्त कळतं हे दाखवायचं होतं. बोलून गेलो की क्लचशिवायही गाडी नेता येते. हिमायतनगरच्या पुढं किनवटच्या रस्त्याला माझी वायर तुटली होती, तेव्हा मी जंगलातून तशीच आणली होती.

"मग तू ने," बाबा लगेच म्हणाले. "तुला जमतंय. आमी दोघं तुझ्या गाडीवर येतो."

झालं. चुलतभावानं ढकललं, गाडी चालू लागल्यावर मी पहिला गिअर पाडला. पुढं रेस किंचित सोडून पायानं एकेक गिअर वर. गाडी काय होती, म्हणता. जिच्यासाठी जळत होतो ती माझ्या मांड्यांखाली घुमत होती आणि मी बघत होतो पुढं, माझ्या गाडीकडं. टॉवेलावर बाबा बसलेले, पुढं वाकून चुलतभावाच्या कानात काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. माझ्या मागं बसल्यावर ते कधी बोलत नाहीत. चाकूरला म्हशी आडव्या आल्या, न्यूट्रल करून थांबलो आणि अनोळखी माणसांना धक्का मारायला लावून पुन्हा निघालो. तोवर ते दिसेनासे झाले होते.

साखरपुडा वेळेवर झाला. मामा वेळेवर होते. मी पोचलो तेव्हा जेवणं चालू होती. लोक त्या मोठ्या गाडीभोवती जमून मायलेज विचारत होते.

गाडी लातूरच्या गॅरेजात टाकावी लागली आणि चुलतभाऊ तिच्यासाठी मागं राहिला. परतताना बाबा माझ्या मागं बसले. दुसरी गाडीच नव्हती. अहमदपूर मागं पडेपर्यंत एक शब्द नाही. मग त्यांनी माझ्या पाठीला बोट लावलं.

"ती गाडी कधी नीट होईल म्हनला त्यो?"

"उद्या," मी म्हणालो.

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि टॉवेलावर सरकून नीट बसले.