बनाक्का आणि विहिरीतलं ऊन

विहिरीत उतरण्याआधी बनाक्का काठावर पालथ्या पडत आणि नुसता वास घेत. मग कंदील दोरीने खाली सोडत. तो तळाशी तेवत राहिला, तरच पदर खोचत. कुंडलच्या आसपास कुणाच्या कोरड्या विहिरीत शेळी, कुत्रं नाहीतर साप पडला की त्यांनाच बोलावणं जाई. माहेर आटपाडीकडच्या मेंढपाळांचं. विहिरीत पडलेली कोकरं काढायला, अंगानं हलकी म्हणून, बाप या पोरीलाच दोरीला बांधून सोडायचा. “तवापासनं खालीच हाय मी,” असं त्या सांगत आणि स्वतःच हसत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेत. मी तिथे विज्ञान शिकवते. मैदानामागच्या पडक्या विहिरीत मुलांना साप दिसला, म्हणून शिपायाने त्यांना आणलं. अर्ध्या तासात त्या पोत्यात धामण घेऊन वर आल्या. “दोन म्हयनं आत हाय ही,” म्हणाल्या. मी विचारलं, कशावरून?

“बरगड्या बघा की. पावसात बेडूक पडलं, तवर हिचं भागलं. बेडकं संपली. आता सोताचंच अंग खाती हाय.”

त्यांना पाणी प्यायला वर्गात बोलावलं. भिंतीवर माझा तक्ता होता : गवत, टोळ, बेडूक, साप, घार, आणि मधे बाण. बनाक्का बराच वेळ बघत राहिल्या.

“बाई, ह्ये बाण उलटं काढल्यात. साप बेडकामागं जातो. तुमचा बाण बेडकाकडनं सापाकडं चाललाय.”

मी म्हटलं, बाण कोण कुणामागे जातं ते सांगत नाही. खाल्लेल्याची ताकद कुठे जाते ते सांगतो.

“आस्सं व्हय.” त्यांनी बाणावरून बोट फिरवलं. “आन वाटंत सांडती ती?”

मुलं हसली. मी हसले नाही. तो धडा मला पुढच्या आठवड्यात शिकवायचा होता.

“मेंढरू दिसभर चरतं,” त्या मुलांकडे वळून म्हणाल्या. “त्यातलं किती चालन्यात जातं, किती अंग गरम ठेवन्यात जातं, किती लेंड्यात जातं. मांस चढतं मूठभर. म्हनून तर माळभर गवात, त्यावर शंभर मेंढरं, आन लांडगा बगायला गेलं तर येकच.” ऊर्जेच्या मनोऱ्यावर मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ बोलले असेन. मुलांना आठवतो तो लांडगा.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. काठावर थांबायचं, दोरी धरायची, एवढंच माझं काम. एकदा एका द्राक्षबागेतल्या जुन्या विहिरीत करडू पडलं होतं. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या धड दिसत होत्या. मी म्हटलं, आज मीही उतरते.

“या. पन दगडावर जीव टाकू नका,” त्या म्हणाल्या.

मी नेमकं तेच केलं. तळ पुरुषभर उरला असताना पायाखालचा दगड निखळला, तो खालचे दोन दगड घेऊनच गेला. मी गाळात, आधीच खाली उतरलेल्या बनाक्कांच्या पायाशी पडले. पाय शाबूत होता, पण वर जायची वाट गेली होती, आणि आमची दोरी कठड्यावरून सुटून माझ्याबरोबरच खाली आली होती. बागेचा मालक वरून ओरडला, “हाय तितंच थांबा, माणसं आनतो!” मग त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि नंतर काही नाही.

वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा. भिंती जवळ येतायत असं मला वाटू लागलं. श्वास पुरेना. मी ओरडायला लागले. बनाक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि करडू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. “ह्येला भ्या वाटतंय. तुमी गप बसला तर ह्ये बी गप बसंल.” करडाचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. मी गप बसले.

बारा वाजता ऊन तळाला आलं. समोरच्या भिंतीवर हातभर पट्टा उजळला. तेवढ्याच जागी शेवाळ हिरवं होतं, बाकी सगळा दगड काळा. शेवाळावर चिलटं, चिलटांसाठी कोळी, आणि खाली फटीत डोळे मिटून बसलेला एक बेडूक.

“ह्या हिरीची चूल येवढीच,” बनाक्का म्हणाल्या. “दिसातनं घटकाभर पेटती. त्यात समद्यांचं भागतं.”

“आपलं किती दिवस भागेल?”

“आपलं काय भागतंय? बेडूक म्हयनंच्या म्हयनं काढंल. त्याचं अंग थंड, त्याला लागतं कमी. आपल्याला नुसती ऊब राखाया रोज भाकरी पायजे.”

ऊन सरकलं. पट्टा विझला. तीन वाजता माणसं आली. त्यांनी बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली. आधी करडू, मग मी. बनाक्का सगळ्यात शेवटी आल्या, हातात माझी चप्पल घेऊन.

पुढच्या वर्षी त्या पडल्या, पण विहिरीत नाही. स्वतःच्या अंगणात, शेणावर पाय घसरून. खुब्याचं हाड मोडलं. नवरा आधीच गेलेला. मुलगा पांडुरंग कुपवाडला कारखान्यात कामाला, तो त्यांना आपल्या खोलीवर घेऊन गेला. दुसरा मजला, एक खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या शेडचा पत्रा. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले, तेव्हा भर दुपारी ट्यूबलाइट चालू होती.

“हितं ऊन कुठनंच येत न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या. “सून गुणाची हाय. ताट हातात देती. पोरगं पाय चेपतं. पन मी खाती आन पडून ऱ्हाती. माझ्यापासनं फुडं काय जातंय? माझ्यावरच येऊन समदं थांबलंय.”

सून स्वयंपाकाच्या ओट्याशी होती. बनाक्कांनी आवाज खाली आणला.

“मला जाळू नगा. आमच्या आज्याला माळावर पुरला हुता, तसंच पुरा. गवताला तरी मिळंल. पन ह्ये मी पांडूला सांगितलं, तर त्याला वाटंल, आईला आपलं घर टोचतंय. तुमी सांगा. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकंल.”

मी सांगते म्हणाले. त्या दिवशी पांडुरंग कामावर होता. नंतर फोनवर असं कसं बोलायचं, असं वाटलं. मग सहामाहीचे पेपर तपासायचे आले, स्नेहसंमेलन आलं. एकदा त्याचा फोन आला, “आई बरी हाय, जेवती,” म्हणाला. बऱ्या असलेल्या माणसाच्या मातीचं काय बोलायचं, म्हणून तेव्हाही राहिलं.

माघात सकाळी निरोप आला. मी बस धरून सांगलीला पोचले, तेव्हा चिता पेटून तासभर झाला होता. पांडुरंग स्मशानातल्या बाकड्यावर बसला होता. मी त्याच्याजवळ गेले आणि आता ज्याचा काही उपयोग नव्हता, ते सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आटपाडी दोन-अडीच तास, बाई. कारखान्याचा मालक टेंपो देतो म्हनत हुता, मीच नगं म्हनलो. मामाचा माळ हाय तितं. नेली असती की.”

मग त्याने विचारलं, “कवा म्हनली हुती?”

“दिवाळीत.”

त्याने मान हलवली. आवाज चढवला नाही. बाकड्यावर सरकून त्याने मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघं धुराकडे बघत बसून राहिलो.