दाजी भाषा बघायला जातात

२० मार्च. उपासाचे वेफर्स घालायचे म्हणून सकाळपासून बटाट्याच्या चकत्या पाडत होते. निम्मं पोतं संपतंय तोच ओतूरच्या एसटीतून उतरून दाजी मंचरला आमच्या दारात हजर, काखेत मुलाचा जुना लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला. "अजून ठरंना गं," एवढं म्हणाले आणि पातेल्याशेजारी बसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांच्याइतका चौकशीखोर माणूस झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. चप्पल घ्यायची तर ते दुकानदाराशी बोलत नाहीत. तसलीच चप्पल घालून चाललेल्या माणसाला रस्त्यात थांबवतात आणि टाच दाखवायला लावतात. सध्या त्यांना संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकायचंय, आणि त्यासाठी कुठली भाषा शिकावी हे दिवाळीपासून ठरत नाहीये.

यात दाजींचा दोष नाही, त्यांच्या कामाचा आहे. शेती सांभाळून त्यांनी जन्मभर सोयरिकी जुळवल्या. मढपासून आण्याच्या पठारापर्यंत कुठल्या घरात मुलगा लग्नाचा आहे, त्याचा आजा कुणाचा साडू, त्याच्या आत्याला कुठं दिलीय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. स्थळाची चौकशी ते स्थळाच्या घरी कधीच करत नाहीत. आधी गिरणीत जातात, मग शेजाऱ्याच्या बांधावर, आणि शेवटी त्या घराशी ज्याचं बोलणं बंद आहे अशा भावकीतल्या माणसाकडे. भाषांचीही त्यांनी अशीच चौकशी लावली. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाला होता, "दादा, पायथॉन घ्या. सोपी आहे, विषय संपला." पण दाजींना ते पटलं नाही. "पोरगं तिच्याच पगारावर जेवतंय," ते मला म्हणाले, "ते तिला वंगाळ कसं म्हणंल?" मग त्यांनी ओतूरच्या स्टँडवरचा एक मोबाईल दुरुस्तीवाला शोधून काढला. त्याने तीन भाषा शिकायला घेऊन तिन्ही अर्ध्यात सोडल्या होत्या. दाजींना असाच माणूस हवा होता. नांदवली त्याला विचारण्यापेक्षा सोडली त्याला विचारावं, हा त्यांचा नियम.

त्या दुकानात बसून त्यांनी जमवलेली माहिती चकत्या पाडता पाडता मी ऐकली. सी नावाची भाषा त्यांना आवडली होती. घराणं जुनं, बाकीच्या निम्म्याअधिक भाषांचं मूळ तिच्यात. "पन लई कडक. घरात पाय ठेवला की सगळं आपुनच बघायचं, ती एका भांड्याला हात लावायची न्हाई." जावा आणि जावास्क्रिप्ट यांच्यावर मात्र ते खरोखर संतापले होते. दोघींचं आडनाव एक म्हणून त्यांनी त्या भावकीतल्याच धरल्या होत्या, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलं की त्यांचं काही नातं नाही, पहिलीचं नाव चाललं होतं म्हणून दुसरीनेही लावलं. "मंजे चालतंय म्हनून आडनाव लावलं? असल्या घरात मी मानूस देत न्हाई!" पायथॉनच्या घरातही मागे वाटणी झाली होती, दोन नंबरच्या आवृत्तीवाल्यांचं आणि तीन नंबरवाल्यांचं पटत नव्हतं. पण आता सगळे तीन नंबरकडेच राहतात, एवढ्यावर त्यांनी ते माफ केलं होतं.

मी काहीशा कुतूहलाने आणि बऱ्याचशा कंटाळ्याने विचारलं, "मग अडलंय कुठं?"

"चहा सांडायचा ऱ्हायलाय," दाजी म्हणाले.

ही त्यांची शेवटची परीक्षा. मुलगा बघायला गेले की ते चुकून झाल्यासारखं करून त्याच्या पँटवर चहा सांडतात. माणूस रागात कसा बोलतो ते कळल्याशिवाय ते होकार देत नाहीत. माझ्या यजमानांच्या पांढऱ्या पँटवरही सांडला होता. हे म्हणाले, "राहू द्या, धुतली की जाईल," आणि माझं लग्न तिथेच ठरलं. (तो डाग धुऊन गेला नाही. ते वेगळं.)

मग आमच्या ओसरीत चहा सांडण्याचा कार्यक्रम झाला. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपवर दोन भाषा टाकून दिल्या होत्या, आणि प्रत्येकीत एकेक छोटा प्रोग्रॅम. दाजींनी दोन्हींत मुद्दाम एकेक खूण खोडली. सीने एका अर्धविरामापायी असा आरडाओरडा केला की पडदा भरून गेला. "बघ, एका चुकीला खानदानाचा उद्धार," दाजी खूश होऊन म्हणाले. पायथॉन कुरकुरली, पण अमुक ओळीत चूक आहे म्हणून खूण करून गप्प बसली. मी म्हटलं, "झालं तर मग. हीच घ्या."

"घाई करू नगं."

"दाजी, माझं स्थळ तुम्ही किती वेळात ठरवलंत?"

"तुजं? कप वाळायच्या आत."

"आणि हिला दिवाळीपासून लोंबकळत ठेवलंय. ती काय तुमच्या घरी भाकऱ्या थापणार आहे?"

नेहमी अशा बोलण्यावर ते मला टोला देतात. आज मात्र एक चकती उचलून उन्हाकडे धरली आणि तिच्यातून बघत म्हणाले, "तवा सगळं डोक्यात व्हतं गं. चुकलं असतं तर निस्तरलं असतं. आता चुकीची धरली, तर दुसरी शिकाया येळ कुठाय?"

यामागचं कारण अक्काने मला फोनवर आधीच सांगितलं होतं. गेल्या वर्षी मढकडच्या मुलीचं आण्याच्या एका घरात दाजींनी जुळवलं. सुपारी फोडायला माणसं बसली आणि मुलीच्या आजीने सहज विचारलं, तेव्हा कळलं की दोन्ही घरांचं देवक एकच. आमच्याकडे देवक एक म्हणजे ती भावंडं, लग्न होत नाही. जन्मात दाजींची अशी चूक झाली नव्हती. माणसं चहा पिऊन उठली. दाजी त्यानंतर एकाही घरी गेलेले नाहीत. डोक्यातलं निसटतंय, आणि सगळं निसटायच्या आत ते मशीनमध्ये घालायचंय. दुसऱ्या कुणाला सांगून घालणं त्यांना मंजूर नाही. मुलाने विचारलं होतं, तर म्हणाले, "तू घरानी इकडची तिकडं करशील."

मी हात धुतले. "आज रात्री इथंच राहा," म्हटलं. "उद्या सकाळी सुरू करायचं. पायथॉन. माझ्याकडून सुपारी फुटली असं समजा."

"मुलीकडचं कोन?"

"मीच."

२१ मार्च. आज सकाळी गच्चीवर वेफर्सना दुसरं ऊन दाखवायला घातलं आणि जिन्याच्या सावलीत लॅपटॉप मांडला. भाच्याने फोनवरून सांगितलं, मी लिहून घेतलं, दाजींनी एका बोटाने टाइप केलं. चार-पाच ओळींचाच प्रोग्रॅम. मुलाचं देवक विचारायचं, मुलीचं विचारायचं, एक निघालं तर नाही म्हणायचं, वेगळं निघालं तर जुळतंय म्हणायचं. पहिल्यांदा दाजींनी दोन्हीकडे एकच घातलं, मुद्दाम. मशीनने 'नाही' असं लिहिलं. "वरडली न्हाई," दाजी म्हणाले. "चारचौघांत बसवाया चालंल."

मग म्हणाले, आता खरं स्थळ घालू, आपल्या घरचंच. स्वतःचं देवक घातलं, पंचपालवी. पुढच्या प्रश्नावर बोट थांबलं. अक्काला मागणी घालायला ते स्वतः आमच्या वडिलांकडे आले होते. दोन तालुक्यांची देवकं तोंडपाठ असलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"कळंब," मी म्हटलं.

"हां, कळंब." त्यांनी एकेक अक्षर शोधून घातलं. मशीनने लिहिलं, 'जुळतंय'. दाजी एवढे हसले की खाली शेजारीण दारात आली. "झाली बघ सोयरीक! आता अक्काला फोन लाव." मी फोन लावला. तो वाजत होता तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनलीस तुमचं?"

"कळंब," मी पुन्हा सांगितलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि वेफर्स उलटायला उठले.