भाजलेली माती

अर्धा एकर बरसीम चार बोटं वाढून पिवळं पडलं होतं आणि पारूबाई बांधावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी तेव्हा शेतकी खात्यात ॲग्रिकल्चरल असिस्टंट होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजूची गावं माझ्या सायकलीच्या वाट्याला आली होती. डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट हे आमचं मुख्य काम. म्हणजे खात्याचं नवं बियाणं एखाद्या शेतकऱ्याच्याच वावरात लावायचं आणि आजूबाजूच्यांनी ते बघून शिकायचं. बरसीम हे मिसर देशाकडून, म्हणजे इजिप्तमधून आलेलं हिरव्या चाऱ्याचं पीक. थंडीत पेरलं की उन्हाळा लागेपर्यंत चार-पाच कापण्या देतं, असं आमच्या बुलेटिनमध्ये छापलेलं होतं. बुलेटिनमधलं आणि वावरातलं यांत फरक असतो हे मला माहीत होतं, पण तेव्हा मी तरुण होतो आणि छापलेल्यावर माझा जरा जास्तच विश्वास होता.

पारूबाई आणि त्यांचे यजमान उकंडजी हे भाजीपाल्याचे मळेवाले. वांगी, मिरची, कांदा, मेथी. सगळं विहिरीच्या मोटेवर. मळा उकंडजींच्या नावावर होता, पण कुठल्या वाफ्यात काय लावायचं ते बाई ठरवायच्या. आदल्या चैत्रात त्यांचा डावा बैल मोट ओढताना धावेवरच, विहिरीलगतच्या उतारावर, बसला होता. कोरड्या कडब्यावर बैल किती दिवस पाणी ओढणार? आणखी एक उन्हाळा असा गेला असता तर तो बैल गेला असता, आणि मोट बंद म्हणजे मळा बंद. म्हणून बाईंनी मेथीची चांगली जागा मोडून मला दिली होती. संक्रांतीपर्यंत हिरवं झालं नाही तर तिथे कांदा लागेल, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. कांद्याचं रोप उकंडजींनी तयार ठेवलेलं होतं.

मी एकेक कारण तपासलं. पाणी जास्त झालं का? नाही, वाफे नीट निथळत होते. बियाणं जुनं होतं का? उगवण तर भरगच्च होती. माझ्या वरच्या साहेबांना कळवलं. त्यांनी ॲमोनियम सल्फेट टाकायला सांगितलं. हे नायट्रोजनचं खत. मी एका वाफ्याला दिलं. वाफा आठ-दहा दिवस हिरवा झाला आणि परत पिवळा पडला. म्हणजे रोपांना नायट्रोजन मिळत नव्हता एवढं नक्की झालं. पण बरसीम हे हरभऱ्याच्या जातीचं, शेंगा धरणारं पीक. त्याला नायट्रोजन विकत आणून घालायचा तर मग त्याचा उपयोग काय?

मी खुरप्यानं एक रोप मातीसकट काढलं आणि पाटाच्या पाण्यात धुतलं. मुळं पांढरी, स्वच्छ, एकही गाठ नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हे जरा समजावून सांगतो. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून पिकाला देतात आणि पीक त्यांना साखर देतं. दोघांचं एकमेकांवाचून अडतं. मात्र हे जिवाणू मोठे चोखंदळ असतात. हरभऱ्याचे हरभऱ्यावर, बरसीमचे बरसीमवर. आमच्या काळ्या जमिनीत हरभरा पिढ्यान्‌पिढ्या होत आला, म्हणून त्याचे जिवाणू तिथे होतेच. बरसीम नवखं, त्याचे कुठून असणार? त्या काळात यावर ठिकठिकाणी संशोधन चाललं होतं आणि उपाय साधा होता: जिथे बरसीम काही वर्षं चांगलं येतंय तिथली माती आणायची आणि आपल्या वावरात मिसळायची.

खात्याच्या गुरांच्या फार्मवर असं बरसीम होतं. मी प्रवासी सर्व्हिस मोटारच्या टपावर घालून तिथून पोतंभर माती आणली. सोबत नमुना म्हणून एक रोपही आणलं, मुळांना गाठीच गाठी लागलेलं. पारूबाईंपुढे ते मुळाकडून धरून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, या मातीनं तुमच्या पिकालाही अशाच गाठी येतील.

बाईंनी मूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "याच मातीनं येतात?" एवढंच त्यांनी विचारलं.

हो, भरपूर येतील, मी म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या. मी सायकलवर टांग मारून पुढच्या गावी गेलो.

वीस दिवसांनी परत आलो तर पीक पिवळंच. माती टाकली का म्हणून विचारलं, तर सगळी टाकली असं उकंडजी म्हणाले, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. साहेबांचं पत्र आलं होतं की प्लॉट बंद करून रिपोर्ट पाठवा. संक्रांत पंधरा दिवसांवर आली होती. मी हट्टाला पेटलो. गुडघ्यावर बसून वाफ्यामागून वाफा उकरायला लागलो. तिसऱ्या वाफ्यात विटकरी रंगाची ढेकळं हाताला लागली, आणि त्यांत गोवरीच्या राखेचे कण.

मी बाईंना विचारलं, ही माती भाजली होती का?

"भाजली ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन पाट्या गोवऱ्या लागल्या."

माझा तोल गेला. पोतं टपावर घालून आणायला काय हाल झाले, साहेबांपुढे किती नाक घासावं लागलं, सगळं मी ऐकवलं. भाजल्यावर जिवाणू कसले राहतात! बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग उठून मळ्याच्या कोपऱ्यातून वांग्याचं एक खुरटलेलं झाड उपटून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. त्याच्या मुळांना गाठीच गाठी होत्या.

"तीन सालांमागं सारं वांगं गेलं यानं. एक टोपली नाई निघाली. अन तुमी तसंच मूळ आणलं, अन म्हणता भरपूर येतील. मिरचीचं रोप टाकाची जागा आमी भाजूनच घेतो, भाऊ. रोगाची माती अशी कच्ची कशी टाकाव?"

मग टाकलीच कशाला, नाही म्हणायचं होतं, असं मी म्हणालो.

"तुमी एवढ्या दुरून आणली. फेकून देनं बरं दिसत नाई."

मला लाज वाटली, अगदी सरळ सांगतो. या बाईनं आपल्या मळ्यातला रोग नीट ओळखला होता, त्यावरचा आपल्या हातातला उपाय केला होता आणि वर माझं मनही राखलं होतं. अडाणीपणा माझा होता. वांग्याच्या मुळांवर बारीक कृमींमुळे गाठी येतात हे मी कॉलेजात शिकलो होतो. भाजीवाल्याला मुळावरची गाठ दाखवताना त्याला काय आठवेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

बाईंच्या शेजारच्याच वावरात हरभरा उभा होता, काळपट हिरवा. मी त्यांनाच खुरपं दिलं आणि त्यांच्या मनाला येईल ते सगळ्यात चांगलं झाड मातीसकट काढायला सांगितलं. त्यांनी काढलं, पाटात धुतलं. मुळांवर गाठींचे घोस होते. बाईंनी मूळ डोळ्यांजवळ धरलं.

"जनम गेला हरभरा उपटण्यात. मले काहून नाई दिसल्या?"

उपटताना या गाठी तुटून जमिनीतच राहतात आणि पीक वाळलं की सुकतात, मी सांगितलं. त्यांतले बारीक जिवाणू पिकाला पोसतात, हेही सांगितलं. मग मी म्हटलं, दोन्हीला नख लावून बघा. हरभऱ्याची गाठ बाजरीच्या दाण्यासारखी अलगद सुटून आली. फोडली तर आतून लालसर. वांग्याची सुटेना, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. बाईंनी हे एकदा नाही, पाच-सहा झाडांवर करून पाहिलं. उकंडजींनाही करायला लावलं. मग मला एक प्रश्न विचारला, जो आमच्या ट्रेनिंग क्लासात कुणी विचारला नव्हता.

"मंग हरभऱ्याचीच माती टाका ना बरसीमात. तिकडं जाता कायले?"

हरभऱ्याचे जिवाणू बरसीमवर राहत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हंजे ज्याचं घर त्याले. आना मंग तुमची माती. या खेपी नाई भाजत."

साहेबांनी दुसऱ्या खेपेला परवानगी दिली नाही. प्लॉट बंद करायला सांगितलं होतं ना, एवढंच ते म्हणाले. मी कॅज्युअल लीव्ह टाकली आणि स्वतःच फार्मवर गेलो. ऊन लागलं तरी जिवाणू मरतात, म्हणून पोत्यावर ओलं गोणपाट घातलं आणि वाटेभर त्यावर पाणी शिंपत आलो. मोटारचा क्लीनर मला विचारत होता की आत मासळी आहे का. पीक उभं होतं, तेव्हा परत पेरायची गरज नव्हती. उकंडजींनी मोट धरली आणि बाई पाटाच्या तोंडाशी बसून मूठमूठ माती पाण्यात सोडत राहिल्या. दिवस मावळेपर्यंत त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

संक्रांत आली तेव्हा पीक पिवळंच होतं. उकंडजी कांद्याचं रोप घेऊन बांधावर आले. बाईंनी एक झाड खणून काढलं, धुतलं आणि नखानं चाचपलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या चार गाठी होत्या. त्यांनी कांदा बांधापलीकडे लावायला सांगितला.

पुढच्या पंधरवड्यात पाटाच्या कडेनं हिरवा पट्टा दिसायला लागला आणि रोज थोडा थोडा आत सरकला. माघात पहिली कापणी झाली. चार-पाच काही मिळाल्या नाहीत, दोनच मिळाल्या, पण चैत्रात डावा बैल उभा राहून मोट ओढत होता. तो बघायला मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो आणि विहिरीपाशी उभा असताना माझे डोळे भरून आले.

मग साहेब पाहणीला आले, खूश झाले आणि मला रिपोर्ट लिहायला सांगितला. त्यात एक रकाना होता: पहिल्या प्रयत्नाच्या अपयशाचं कारण. साहेब म्हणाले, शेतकऱ्याचं अज्ञान असं लिहा, आपण नेहमी तेच लिहितो. मी लिहिलं, 'असिस्टंटने अर्धवट माहिती दिली. शेतकरणीने तिच्या अनुभवानुसार योग्य ती काळजी घेतली.' साहेबांनी ती ओळ खोडली. मी फेअर कॉपीत ती परत घातली आणि खाली सही केली.

माझं प्रमोशन पुढे तीन वर्षं लांबलं. त्या ओळीमुळेच लांबलं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर कुठल्याही गावात नवं बियाणं पोत्यातून काढण्याआधी मी एक प्रश्न विचारत असे, आणि नोकरीभर तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला: याआधी तुमचं काय काय बुडालं आहे, ते आधी सांगा.