अडीच मिनिटांचं विरहगीत

गाणं सुरू करण्यापूर्वी बोरस्तेभाऊ मनगटावरचं घड्याळ काढून माईकशेजारी ठेवत. सातपूरच्या आमच्या कारखान्यात निवृत्तीचे निरोप समारंभ कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत होत, आणि सुट्टी अर्ध्या तासाची. हार, शाल, दोन भाषणं, समोसे, गीत, आभार. ही यादी माझी. ऑफिसची व्यवस्था मीच बघते. 'गीत'पुढे नाव कायम भाऊंचं.

गीतही कायम तेच. प्रेयसी सोडून गेल्याचं, रिक्षापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे वाजणारं, भलेभले ऐकून डोळे पुसतात असं. मूळ गायक त्याला सहा मिनिटं घेतो. भाऊ ते अडीच मिनिटांत उरकत, तेही टाळ्यांच्या ठेक्यावर.

"दुसरं कडवं कुठं गेलं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी विचारलं होतं.

"काढून टाकलं. मी लेथवरचा माणूस, मॅडम. जादा माल दिसला की तासायला हात शिवशिवतो. बाई गेली, हे पहिल्या कडव्यात कळलं ना? मग परत परत काय सांगायचं?"

आपल्या गाण्यावर आजवर एकही माणूस रडला नाही, याचा त्यांना फार अभिमान. "रडून मशीनवर गेला की बोट जातं," म्हणत.

पुढे त्यांचीच निवृत्ती आली. मी यादी टाईप करत होते, तर भाऊ टेबलाशी येऊन उभे.

"मॅडम, गीत कापा."

"का हो?"

"मी खुर्चीत बसणार, हार घालून. हातात माईक नाय, काय नाय. तिथं डोळ्याला पाणी आलं तर एवढ्या वर्षांची अब्रू जाईल."

मी 'गीत' खोडलं.

समारंभ यादीप्रमाणे चालला. भोंग्याला पाच मिनिटं उरली तशी मी आभार मानायला उठले, तेवढ्यात मागच्या बाकावरून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मग अख्खं मशीन शॉप गाऊ लागलं. बेसूर, भरधाव, दुसऱ्या कडव्यावरून उडी मारून. भाऊंची मान खाली. बोटं मांडीवर ठेका मोजत होती.

गाणं संपलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्या हातातला माईक घेतला. "टायमिंग बरोबर हाय. फिनिशिंग लय खराब."

डोळे कोरडे. अब्रू शाबूत.

हशातच भोंगा झाला. सगळे उठले, तसे सवयीने भाऊही उठले. दाराशी जाऊन थांबले, परत येऊन खुर्चीत बसले. कॅन्टीन रिकामं झालं. मी कप गोळा करत होते.

"मॅडम, ते दुसरं कडवं म्हणून बघू का? आता वेळ हाय."

त्यांनी ते सावकाश म्हटलं. ठेका नाही, घड्याळाकडे बघणं नाही. माझ्या यादीतली चार कामं अजून बाकी होती. मी कप खाली ठेवले आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

"बघा," शालीच्या टोकाने स्वतःचे डोळे पुसत भाऊ म्हणाले, "म्हणूनच काढलं होतं."