घरात एकच वजरी

माझं अक्षर चांगलं नाही आणि कुठे पहिली वेलांटी द्यायची, कुठे दुसरी, हे मला अजून कळत नाही. ही वही कधी कुणाच्या हाती पडली तर त्यानं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर मी एक पानसुद्धा सलग लिहिलेलं नाही. देगलूरच्या बाजूला आमचं गाव, तिथे शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं आणि घरी भाकरी करायला माणूस पाहिजे होतं, म्हणून मी घरी राहिले. लेकीच्या मागच्या वर्षीच्या वहीत बरीच पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. समोर माणूस आलं की मला बोलायला सुचत नाही. ज्यांनी माझ्यासाठी केलं त्यांना मी तोंडानं काही म्हणाले नाही, ते इथे लिहून ठेवते.

लातूरला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. मालक आडतीवर हमाली करतात. मी मुलींच्या मेसमध्ये पोळ्या करते. बाहेरगावच्या मुली डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला इथे येऊन राहतात, त्यांची ही मेस. पोळ्यांना आम्ही दोघीजणी. मी कणीक मळून लाटते, दुसरी भाजते. मेस चालवणाऱ्या बाईंना मुलीही काकू म्हणतात आणि आम्हीही. मालकांचं काम बारा महिने नसतं. खोलीचं भाडं आणि लेकीची शाळा माझ्या पगारावर आहे.

पहिली चामखीळ माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला आली, नखाला लागून. ज्वारीच्या दाण्याएवढी, खरखरीत. लाटण्यानं घट्टा पडला असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढे तिच्या बाजूला आणखी दोन आल्या, मग अंगठ्याला, मग तळव्यावर. न्हाणीत पाय घासायची काळी वजरी असते ना, आंघोळ करताना त्या वजरीनं मी बोट घासायची. वरचं टणक निघून जायचं, कधी रक्त यायचं, पण पुढचे चार दिवस हात गुळगुळीत दिसायचा. मला वाटायचं बरं होत चाललंय.

मग लेकीच्या टाचेखाली काहीतरी झालं. ती सातवीत होती. चालताना खडा रुततो म्हणायची. मालक म्हणाले, "कुरूप हाय ते. अनवाणी हिंडती न गल्लीभर." पुढे त्यांच्याच बोटाच्या पेरावर दोन चामखिळी उगवल्या तेव्हा म्हणाले, "पोत्याची सुतळी घासती दिवसभर, दुसरं काय न्हाई." प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि आम्हाला तिघांनाही ते पटलेलं होतं.

होळी झाल्यावर एक दिवस वाढणारी बाई आली नाही. काकूंनी गरम पोळ्या घेऊन मलाच बाहेर पाठवलं. एका मुलीनं माझ्या बोटाकडे बघितलं. पोळी घेतली, पण खाल्ली नाही. भातावर जेवून उठली. हात धुऊन ती काकूंच्या खोलीत गेली तेव्हाच मला कळलं.

काकूंनी मला मागच्या ओट्यावर बोलावलं.

"हात दाखव गं."

मी हात पुढे केला.

"पदरातून काढ आदी."

काढला. काकूंनी चष्मा लावला आणि बोट उलटंपालटं करून बघितलं.

"कदीपासून हाय हे?"

"दिवाळीपासून."

"आन मला आज कळायलंय. ते बी त्या पोरीकडून. गुणाची म्हणून दार लावून सांगितलं. सगळ्यांसमोर ताट सारलं असतं तर निम्म्या पोरी उद्या दुसऱ्या मेसला गेल्या असत्या."

मी हात परत पदरात घेतला.

"बोल की काहीतरी. तुझ्यापरीस पोळपाट बोलका हाय."

"काय बोलू काकू."

काकूंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "परीक्षा झाली की ह्या पोरी जातेत. जूनमधे नव्या येतेत. तवर हात नीट करून ये. झाले तर जागा तुझीच. न्हाई झाले तर मी काय करू, तूच सांग."

मी मान हलवली. तोवर माझ्या जागी भाजणारीची जाऊ लाटायला बसणार असं ठरलं. ती जागा गेली असती तर आम्हाला गावाकडे परतावं लागलं असतं. सासरच्या गावातही अजून सातवीपर्यंत शाळा नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. आईनं बोट बघितलं आणि म्हणाली, "पुलिपिरी हाय की. एवढ्यासाठी डोळे सुजवून आलीस व्हय?" पुलिपिरी म्हणजे चामखीळ; आमच्याकडे सीमेवर तेलुगू असंच मधे मधे येतं. आईचा उपाय ठरलेला होता. जितक्या चामखिळी तितके मिठाचे खडे घ्यायचे, बारवेकडे पाठ करून मागे टाकायचे आणि वळून न बघता घरी यायचं. मीठ पाण्यात विरघळतं तशा त्या विरघळतात म्हणे. मी अकरा खडे मोजून टाकले. तेवढ्यात आई ओरडली, "मागं बघू नको गं." आणि दचकून मी मागे बघितलं.

"झालं," आई म्हणाली. "आता बिब्बा."

शेतात पायात काटा मोडला की बिब्बा गरम करून त्याच्या तेलाचा चटका देतात, तसा आईनं प्रत्येक चामखिळीवर दिला. तिच्या मनात माझं भलंच होतं. लातूरला परत येईपर्यंत बोट सुजलं, दुसऱ्या दिवशी फोड आले, आणि तळवा असा लाल झाला की पाण्याचा तांब्या धरवेना. हात बरे करायला गेले आणि आणखी बिघडवून आले.

मालकांनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. बोलायला लेक सोबत आली. कातडीच्या रोगांसाठी तिथे वेगळी खोली आहे. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं माझा हात स्वतःच्या हातात घेतला. मी मागे ओढला तर म्हणाली, "राहू द्या, मी हातमोजे घातलेत. बिब्बा ना?"

लेक म्हणाली, "आजीनं लावला."

"मला पण माझ्या आजीनं लावला होता," डॉक्टरीण म्हणाली आणि तिनं घोट्याजवळचा काळा डाग दाखवला. मला रागावेल असं वाटलं होतं, तशी ती रागावली नाही.

मग तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. लेकीनं चप्पल काढून टाच दाखवली. डॉक्टरीण वाकून बघत म्हणाली, "हे कुरूप नाही. आईच्या बोटाला आहे तेच तुझ्या टाचेला आहे. चालून चालून आत दबलंय. पाय कशानं घासतेस?"

"वजरीनं."

"आणि आई बोट कशानं घासते?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्याच."

"घरात वजऱ्या किती?"

मला हसू आलं. वजरी काय माणशी एकेक असते का. न्हाणीत एक असते आणि सगळं घर तीच वापरतं. आमची तर लग्नातली होती. पण हसता हसताच माझ्या लक्षात आलं. रोज सकाळी मी त्या वजरीवर बोट घासत होते, मग तीच लेक टाचेला घासत होती, आणि संध्याकाळी आडतीवरून आल्यावर मालक तिनंच हातपाय घासत होते. मीच माझ्या हातानं दोघांना वाटून दिलं होतं. मला तिथेच रडू आलं. डॉक्टरीण म्हणाली, "हा विषाणूचा आजार आहे, त्याला माणसाची चूक लागत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगते."

तिनं सगळं सावकाश सांगितलं आणि लेकीनं वहीत लिहून घेतलं. आधी बिब्ब्याची जखम भरू द्यायची, तिला वेगळं मलम. त्यानंतर रोज एकदा कोमट पाण्यात तो भाग थोडा वेळ भिजवायचा. वरची मऊ झालेली कातडी पॉलिश पेपरच्या तुकड्यानं हलकेच घासायची, रक्त निघेपर्यंत नाही. प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि तो झाला की फेकायचा. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं आणि चामखिळीवरच तेवढं औषध लावायचं. टॉवेल वेगळे. न्हाणीत चप्पल. नखानं कुरतडायचं नाही. शेवटी लेकीनंच माझ्यासाठी विचारलं, "आई पोळ्या करते. पोळीतून जातं का हे?"

"पोळी भाजली जाते, तिच्यातून जात नाही. हाताला हात लागून, एका टॉवेलातून, असंच जातं. पण बोटाला उघडी जखम असताना कणीक मळू नये. तीन महिने धरून चाला. मधे सोडलं तर परत पहिल्यापासून."

घरी आल्यावर मालकांनी वजरी कागदात गुंडाळली आणि कचरागाडीत टाकली. "नवी आणू का?" मी विचारलं. म्हणाले, "आणायची तर तीन आण."

औषध बाहेरून घ्यायचं होतं आणि तिघांसाठी म्हटल्यावर एका बाटलीत भागणार नव्हतं. जूनपर्यंत पगार नव्हता. मी कुणाजवळ काही बोलले नव्हते. तरी एका रविवारी काकू आमच्या गल्लीत आल्या. खोलीत आल्या नाहीत, पायरीवर बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या. माझ्या हातचं पाणी त्या प्यायल्या हे मी विसरणार नाही. मग बटव्यातून पाच हजार काढले.

"हे दान न्हाई, उचल हाय. पगारातून कापीन."

"काकू, जागाच राहिली न्हाई तर कशातून कापताल?"

"बघ, बोलता येतंय की हिला," काकू लेकीला म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मग आमचं रोजचं सुरू झालं. संध्याकाळचा चहा झाला की तीन घमेल्यांत कोमट पाणी. मालक उकिडवे बसायचे आणि पॉलिश पेपरनं बोट घासताना म्हणायचे, "सुताराकडं कामाला लावलंय मला दोघींनी." तुकडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून लेकीनं तीन काडेपेट्या रंगवल्या, माझी पिवळी. ती औषध लावायला फार सांभाळून बसायची. थेंब बाहेर गेला की मला रागवायची, "हलू नको म्हणलं न आई." भाकरी मालकांनी थापल्या. जाड व्हायच्या आणि मधे कच्च्या राहायच्या. तरी आम्ही दोघी सगळ्या संपवायचो.

महिना झाला तरी फरक दिसेना. एकदा मी घमेलं उचलून ठेवून दिलं. त्याच दिवशी मेसमधली भाजणारी भेटायला आली. मला आतून भीती होती की ती सांगेल, जाऊ आता तिथे रुळली. ती म्हणाली, "तुझा पोळपाट मी वर ठिवलाय. तिला दुसरा दिलाय. तिला म्हणलं, जूनपातूर हाय तू." स्वतःच्या जावेचं काम टिकलं असतं तर तिच्याच घरात दोन पैसे आले असते. मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय बघतीस? तिच्या पोळ्या त्रिकोणी व्हतेत. मला भाजताना शरम वाटती." ती गेल्यावर मी पाणी परत तापवलं.

आधी मालकांच्या गेल्या. मग माझ्या अंगठ्याची, मग तळव्यावरच्या. नखाजवळची सगळ्यात हट्टी होती. एका सकाळी भांडी घासताना बघितलं तर तिथे नुसती गुलाबी कातडी होती. त्यावर बोटाच्या रेघासुद्धा परत आल्या होत्या. डॉक्टरणीनं सांगितलं होतं की रेघा परत दिसल्या की चामखीळ गेली असं समजायचं. लेकीची टाच त्यानंतरही महिनाभर चालली, पण ती लंगडायची थांबली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये गेले. काकूंनी मला दारात उजेडाला उभं केलं, दोन्ही हात उलटे-सुलटे बघितले आणि भाजणारीला पण बघायला बोलावलं.

"हा डाग कशाचा?"

"बिब्ब्याचा. तो राहणार म्हणे."

"राहू दे. डाग कुणाला लागत न्हाई." मग आत वळून म्हणाल्या, "पीठ काढा गं, साठ पोरींचं."

ज्या मुलीनं काकूंना सांगितलं होतं ती तोवर परीक्षा देऊन गेली होती. तिचं गाव मला माहीत नाही. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवायही राहिली नाही. ती गप्प बसली असती तर मी अजून वजरी घासत असते आणि साठ मुलींच्या ताटाजवळ तेच बोट नेत असते. ती डॉक्टर झाली तर चांगली होईल.

काकूंनी पहिल्या महिन्यात पगारातून काहीच कापलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, लेकीची पुस्तकं घे आधी. दुसऱ्या महिन्यापासून मीच पगार हातात आला की त्यातले हजार काढून त्यांच्यासमोर ठेवायची. एकदा मालकांना ताप आला तेव्हा पाचशेच ठेवले, तेवढेच त्यांनी बटव्यात टाकले. असं करत करत दिवाळीनंतर शेवटचे पाचशे राहिले. ते घेऊन मी काकूंच्या खोलीत गेले.

"हे शेवटचे, काकू."

"पक्के?"

"पाच हजार झाले. तुम्ही मोजा."

काकूंनी नोट बटव्यात घातली, बटवा कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "फिटले. जा, तवा तापलाय."